पाटीत बसत असाल तरच आत या

माझ्या वडिलांचा जीव मी एकदा एका पाटीपायी धोक्यात घातला.

त्या वर्षी आप्पा, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे मिल्टन कीन्सला आले होते. वय एकाहत्तर, वीज मंडळातून निवृत्त, पंधरा वर्षांची शुगर आणि ऐन मे महिन्यातही डोक्यावर तपकिरी माकडटोपी. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना इंग्लंड समजावून सांगितलं. (मला स्वतःला या देशात येऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे मला सगळंच कळत होतं.)

"आप्पा, इथे पाटी नीट वाचायची. संस्थेच्या नावात आधी माणसं येतात, मग संस्था. पेन्शनर्स क्लब. वर्किंग मेन्स क्लब. विमेन्स क्लब. सगळं अनेकवचनी! त्या अनेकवचनात आपण बसत असू तरच आत जायचं."

"आणि बसत नसलो तर?"

"तर बाहेरून बघायचं आणि पुढे चालायला लागायचं."

"मग पेन्शनर्समध्ये मी बसतो की!"

"तुमची पेन्शन महाराष्ट्रातली आहे, आप्पा. इथली लागत असणार."

हा सिद्धांत मी हवेतून काढला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी ऑफिसात 'डायरेक्टर्स' अशी पाटी असलेल्या टॉयलेटमध्ये शिरलो होतो, आणि हात धुताना शेजारच्या बेसिनपाशी साक्षात डायरेक्टर येऊन उभे राहिले. ते नुसतं "मॉर्निंग" म्हणाले. पण अशा काही आवाजात म्हणाले, की त्यानंतर मी एकही दार पाटी वाचल्याशिवाय ढकललं नाही. मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, हा सगळा मूर्खपणा वाटायचा आणि ती तसं सांगायचीही.

तर, शनिवार उजाडला. मेधा सकाळीच शेजारणीच्या गाडीतून वेम्बलीच्या भारतीय बाजारात भाजी आणायला निघाली. जाताना मला हलवून म्हणाली, "विनय, ऐक. आप्पा साडेआठला गोळी घेतात. त्यानंतर अर्ध्या तासात त्यांच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. नाहीतर शुगर धाडकन खाली येते. उपम्याची सगळी तयारी करून ठेवलीय. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो आणि (इथे लपवण्यात अर्थ नाही) कूस बदलली.

जाग आली तेव्हा पावणेदहा वाजले होते. टेबलावर गोळ्यांचं पाकीट, रिकामा चहाचा कप आणि एक चिठ्ठी. 'गोळी घेतली. तू गाढ झोपलायस म्हणून उठवलं नाही. पाय मोकळे करून येतो.' उपम्याच्या रव्याला कुणी हातही लावलेला नव्हता!

मिल्टन कीन्समध्ये पाय मोकळे करणं सोपं आहे, घरी परत येणं कठीण. सगळे राउंडअबाउटचे चौक सारखे, आणि रेडवे, म्हणजे चालणाऱ्यांसाठीच्या लाल वाटा, त्याहून सारख्या. एका बोगद्यात शिरावं आणि बाहेर पडल्यावर वाटावं, आपण आत्ताच तर इथून आत शिरलो! आप्पांकडे मोबाइल नव्हता. स्वेटरच्या खिशात घरचा नंबर लिहिलेला कागद तेवढा होता. मी पायजम्यावरच जॅकेट चढवलं आणि मोबाइल घेऊन धावत सुटलो.

आधी पेन्शनर्स क्लब. दाराला कुलूप. बाहेर कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजोबांना विचारलं. त्यांनी टोपीवाला म्हातारा पाहिला नव्हता, पण कुत्र्याने माझा पायजमा नीट तपासून घेतला. दहा वाजून दहा मिनिटं. गोळी घेऊन दीड तास उलटला होता.

पुढे वर्किंग मेन्स क्लब. दार उघडं होतं. मी उंबऱ्यातच थबकलो. मी वर्किंग मॅन आहे का? दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणं यात धरतात का? वेळ वाया घालवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी पाकिटातून ऑफिसचं ओळखपत्र काढून बारमागे ग्लास पुसत असलेल्या माणसासमोर धरलं.

त्याने ओळखपत्र पाहिलं. पायजमा पाहिला. "यू ऑल राइट, मेट?"

"मला आत येता येईल?"

"तू आतच आहेस."

मी टोपीचं वर्णन केलं. "येस, येस! वूली हॅट. खिडकीतून दिसला. जरा डुलत चालला होता बिचारा. त्या वाटेने खाली गेला." मी त्या वाटेने सुसाट सुटलो.

त्या वाटेच्या टोकाला दोनच गोष्टी होत्या. डाव्या हाताला विटांचा एक बैठा हॉल, आणि उजव्या हाताला कालवा. हॉलवर हिरव्या रंगात ठसठशीत पाटी होती: विमेन्स क्लब. मी शांतपणे तर्क केला. आप्पा पुरुष आहेत. पाटी त्यांनी वाचली असणार. मुलाने समजावलेलं त्यांच्या लक्षात असणार. म्हणजे आप्पा हॉलमध्ये नाहीत. म्हणजे आप्पा...

मी कालव्याकडे पळालो. काठाच्या गवताजवळ पाण्यात काहीतरी तपकिरी, गोल तरंगत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी "आप्पा!" अशी इतक्या मोठ्याने हाक मारली असेल. ते तपकिरी गोल वळलं, त्याने माझ्याकडे तुच्छतेने बघितलं आणि ते पोहत निघून गेलं. बदक होतं. मी तिथेच चिखलात बसलो आणि खरं सांगतो, रडलो. एका उपम्याचा आळस, आणि त्यापायी बाप! तेवढ्यात मोबाइल वाजला.

"घरचा फोन कुणीच का उचलत नाहीये?" मेधा विचारत होती. "आप्पांनी खाल्लं का?"

मी सगळं सांगितलं.

"त्या हॉलमध्ये विचारलंस?"

"तो विमेन्स क्लब आहे, मेधा."

"मग?"

"मी विमेन्स नाही!"

"विनय," ती इतक्या हळू आवाजात म्हणाली की मी उठून उभाच राहिलो, "तू आत्ताच्या आत्ता त्या दारातून आत जा."

मी दारापर्यंत गेलो. हात उचललासुद्धा. आतून बायकांच्या हसण्याचा एक लोट आला, आणि मला 'मॉर्निंग' ऐकू आलं, तोच डायरेक्टरी आवाज. मग मी मधला मार्ग काढला. नियम मोडायचा नाही, पण बघायचं. खिडकी उंच होती. खाली फुलांची मोठी कुंडी होती. मी कुंडीवर चढलो आणि काचेला नाक लावलं.

आत दहा-बारा आज्या कशाभोवती तरी कडं करून उभ्या होत्या. मध्ये काय आहे ते दिसेना. तेवढ्यात एकीची नजर वर गेली. ती किंचाळली. मी खाली उडी मारली आणि मागच्या बाजूच्या खिडकीकडे गेलो. तिथे एका बाईने माझ्या तोंडावर पडदा ओढला. तिसऱ्या खिडकीपाशी चढायला काहीच नव्हतं म्हणून मी उड्या मारत होतो. दर उडीला आतलं थोडं थोडं दिसत होतं: केक, किटली, केक, आणि तपकिरी टोपी!

"आप्पा!" मी हवेतच ओरडलो.

खाली आलो तेव्हा खांद्यावर हात होता. हात पोलिसाचा होता.

"सर, बायकांच्या क्लबाबाहेर आपण काय करताय?"

"आत माझे वडील आहेत!"

"मग आत का जात नाही?"

चिखलाच्या पायजम्यात उभं राहून मी त्या तरुण कॉन्स्टेबलला अनेकवचनाचा सिद्धांत सांगितला. त्याने तो फार सभ्यपणे ऐकून घेतला आणि माझा दंड मात्र सोडला नाही. आम्ही तसेच दारातून आत गेलो.

आप्पा मधल्या खुर्चीवर बसले होते. गालावर रंग परतला होता, मांडीवर नॅपकिन, हातात केकचा तुकडा. मी वाकून त्यांचे गुडघेच धरले.

"अरे, घाम फुटला, हात थरथरायला लागले," आप्पा म्हणाले. "पहिलं उघडं दार दिसलं, त्यात शिरलो. या जीनबाईंनी काही न विचारता साखरेचं पाणी पाजलं."

"पण पाटी... तुम्ही वाचली नाहीत?"

"डोळ्यांपुढे अंधारी आल्यावर पाटी कोण वाचतं रे गाढवा?"

जीन नावाच्या त्या ठेंगण्या आजीबाईंनी माझ्याही हातात चहा दिला. पायजम्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. मी त्यांच्या पाटीत बसतो का, हेही विचारलं नाही. मला फारच लाज वाटली.

कॉन्स्टेबल मात्र वही उघडून गोंधळात पडला होता. "या हॉलमधून आम्हाला दोन फोन आले. एक, खिडकीतून डोकावणारा इसम." त्याने माझ्याकडे पाहिलं. "दुसरा त्याच्या आधीचा. बेपत्ता व्यक्ती."

"ती सापडली," मी आप्पांकडे बोट दाखवलं. "हे काय!"

"नो, नो," जीन म्हणाली. "हे कुठे हरवले? यांना घरचा नंबर माहीत होता. आम्ही इतक्या वेळा फोन लावला, कुणी उचलेना. हे सारखे म्हणत होते, माझा मुलगा शनिवारी दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नाही, तो घरात नाही म्हणजे नक्की काहीतरी झालंय!"

कॉन्स्टेबलने पान उलटलं आणि आप्पांना विचारलं, "सर, तुमचा हरवलेला मुलगा हाच का?"

आप्पांनी मला पायजम्यापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. नको इतका वेळ न्याहाळलं. "येस," शेवटी ते म्हणाले, "अनफॉर्च्युनेटली."

कॉन्स्टेबलने दोन्ही नोंदींपुढे माझंच नाव लिहिलं आणि वही मिटली. सरकारी कागदांप्रमाणे त्या शनिवारी आप्पा हरवलेच नव्हते. हरवलो होतो मी, आणि सापडलो तो बायकांच्या खिडकीखाली उड्या मारताना!