डोळ्याखालचे फुटवे

तुळसाबाईचे डोळे चांगले आहेत, हे खुद्द वाशीमच्या डॉक्टरनं सांगितलेलं आहे. झालं असं, की तिच्या मोठ्या जावेला, आवडाबाईला, चष्मा लागला. सोनेरी काडीचा. तो लावून आवडाबाई दारात तांदूळ निवडायला बसली, आणि पंधरा दिवसांच्या आत तुळसाबाईलाही सुईत दोरा ओवता येईना. नवरा जगदेव गरीब माणूस. त्यानं तिला मोटारसायकलवर बसवून आसेगावाहून वाशीमला नेलं. डॉक्टरनं भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, तेव्हा ही बाई आपण कशाला आलोय ते विसरली आणि अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड वाचून मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, काही नको चष्मा, नजर साफ आहे. घरी येईपर्यंत ती जगदेवशी एक शब्द बोलली नाही.

तुळसाबाई केनवडची पोर, लग्न होऊन या घरात आली तेव्हा आवडाबाई चार वर्षं आधीपासून नांदत होती. उंच, गोरी, बोलायला संथ. पहिल्याच आठवड्यात सासूबाई, गोजराबाई, तव्याशी बसलेल्या नव्या सुनेला म्हणाल्या, की पोळी कशी असावी ते आवडाची पाहून शीक. गोजराबाई बोलल्या आणि विसरल्या. तुळसाबाई तीस वर्षं विसरली नाही. पुढे वाटण्या झाल्या, घराच्या मध्ये भिंत आली, शेताच्या मध्ये धुरा, म्हणजे बांध, आला, पण तुळसाबाईचं अर्धं लक्ष धुऱ्यापलीकडेच राहिलं. आवडाबाईनं मिक्सर घेतला की हिनं एक भांडं जास्तीचा घेतला. आवडाबाईची म्हैस सकाळी किती दूध देते ते आवडाबाईच्या आधी हिला कळे.

आता जळणाऱ्या माणसाला निदान समोरच्यानंही थोडं जळावं एवढी आशा असते. तेही सुख तुळसाबाईच्या नशिबी नव्हतं. तिनं नवीन लुगडं नेसून दोन वेळा अंगणातून फेऱ्या मारल्या तरी आवडाबाई म्हणणार, "रंग चांगला दिसते तुले," आणि परत तांदळात डोकं घालणार. त्या शांतपणानं तुळसाबाईचा जीव नुसता कढत असे. सगळ्यात जास्त जळायची ती आवडाबाईच्या नवऱ्यावरून. दौलतराव म्हणजे मर्द गडी. मनात आलं की करणार, घरी येऊन फक्त सांगणार. आणि हिचा जगदेव? तूर किती अंतरावर पेरू, बैल विकू का ठेवू, चप्पल काळी घेऊ का तपकिरी, प्रत्येक गोष्टीला हिच्या तोंडाकडे पाहून एकच प्रश्न, "कसं करू?" तुळसाबाईनं मनातल्या मनात त्याचं नावच 'कसंकरू' ठेवलं होतं.

दौलतरावानं संत्र्याचा बगीचा लावायचं ठरवलं तेही असंच. एक दिवस अमरावतीकडच्या एका नर्सरीत गेला, पावणेतीनशे कलमं सांगून आला आणि संध्याकाळी ओसरीवर बसून मोठ्यानं बोलला. भिंतीला कान लावायची गरजच नव्हती. तुळसाबाईच्या हातातली कढई चुलीवर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेवनं नेहमीप्रमाणे, या वर्षी त्या वावरात सोयाबीन पेरू का तूर, कसं करू, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "संत्रा लावा. तीनशे झाड." जगदेवनं भीत भीत सांगून पाहिलं की अडीच एकरात तेवढी झाडं दाटीनं बसतील. पण पावणेतीनशे तिकडे असताना इकडे पावणेतीनशेच लावायची, तर मग लावायचीच कशाला? त्याच नर्सरीला फोन गेला. एकाच गाडीत दोन्ही घरची कलमं येणार असं ठरलं.

गाडी आली ती नेमकी दोघे भाऊ कागदपत्रांसाठी वाशीमला गेलेले असताना. वावरात दोघी जावाच होत्या. भर दुपार, मृग सरून बरेच दिवस झालेले, वावरं ओली. ड्रायव्हर घाईत होता. त्यानं आणि त्याच्या हमालानं सगळ्या पिशव्या धुऱ्यावर एकत्रच उतरवल्या आणि तुमच्या तुमच्या मोजून घ्या म्हणाला. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. नर्सरीवाला होता, घरच्या माणसाशी बोलायचं म्हणत होता. मोठी म्हणून फोन आवडाबाईच्या हातात गेला. ती एका कानावर पदर दाबून, दुसऱ्या कानाला फोन लावून बांधाच्या कडेला गेली आणि हो, हो, बरं, करत राहिली.

तुळसाबाईनं पिशव्यांकडे पाहिलं. काही कलमं चांगली मांडीएवढी उंच, हिरवीगार, पानांनी भरलेली. काही वीतभर वाढलेली, बाजूला एक कोंब काढून बसलेली, आजारातून उठल्यासारखी. तिचे डोळे साफ होते, हे आधी सांगितलंच. आवडाबाई फोनवर होती तेवढ्या वेळात तिनं पदर खोचला आणि उंच उंच तेवढी सगळी उचलून आपल्या बाजूला नेली. कमी पडली तेवढीच बुटकी घेतली. मोजून पूर्ण तीनशे. चोरी म्हणावी तर चोरी नव्हे, आकडा बरोबर होता.

आवडाबाई फोन देऊन परत आली. चष्म्यातून तिनं एकदा या ढिगाकडे पाहिलं, एकदा त्या.

"झाले का मोजून?" तिनं विचारलं.

"झाले," तुळसाबाई म्हणाली. आवडाबाईनं मान हलवली आणि आपल्या वाट्याच्या बुटक्या पिशव्या एकेक करून सावलीला नेल्या. तुळसाबाईला त्या रात्री फार गाढ झोप लागली.

पुढची दोन वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. तिची झाडं अशी तरारली की येणारा-जाणारा थांबून पाही. पलीकडे आवडाबाईची झाडं रांगत होती. दौलतरावानं बगीचा लावला खरा, पण त्यानंतर तो पंचायतीच्या राजकारणात गुंतला आणि झाडामागे राबायचं काम आवडाबाईच्या अंगावर पडलं. ती रोज वाकून प्रत्येक झाडाच्या बुडाशी काहीतरी कातरत बसे. तुळसाबाई धुऱ्यावर उभी राहून पाही आणि तिला गुदगुल्या होत. जगदेवनं एकदा म्हटलं, आपल्या झाडाले काटे लई हायेत, भावाच्या झाडाले एवढे नाहीत, कसं करू? तिनं सांगितलं, जोमाच्या झाडाला काटे असायचेच. तिचा शब्द त्याला पुरत असे.

दुसऱ्या वर्षीच्या पोळ्याच्या सुमारास आवडाबाई धुरा ओलांडून आपल्या पायानं आली. तीस वर्षांत असं क्वचित झालेलं. तुळसाबाईच्या एका भरघोस झाडापाशी बसली, बुडाशी बोट लावलं आणि म्हणाली, "तुळसे, डोळ्याखालचे फुटवे कापून टाक. समदं बळ तेच खाऊन राह्यले."

"कोनते फुटवे?"

"हे. हे समदे."

म्हणजे अख्खं झाडच. बुडाशी बोटाएवढा एक कोंब ठेवायचा आणि वरचं हे हिरवंगार वैभव कापून टाकायचं. तुळसाबाई जावेच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि तिच्या काळजात दिवाळी झाली. लागला. शेवटी एकदाचा हिचा डोळा आपल्या झाडांवर लागला! तीस वर्षं वाट पाहिली त्याचं चीज झालं. तिनं हसून मान डोलावली, आवडाबाई गेली, आणि त्याच आठवड्यात बगीच्याच्या चारी कोपऱ्यांत काळी चिंधी आणि बिबा टांगले गेले. जगदेवनं विचारलंच, वहिनी म्हणते तसं कापून पाहू का, कसं करू? ती म्हणाली, एका फांदीला जरी विळा लागला तरी मी केनवडला निघून जाईन.

आता हे डोळ्याचं प्रकरण काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. संत्र्याचं कलम म्हणजे खाली जंबेरीचा खुंट आणि त्यावर बांधलेला संत्र्याचा एक डोळा. जंबेरी म्हणजे रानदांडगं आंबट लिंबू. मुळं पक्की, म्हणून त्याच्या खांद्यावर संत्रा बसवायचा. पण डोळ्याच्या खालून जंबेरीचेच कोंब फुटू लागले आणि वेळेवर काढले नाहीत, तर दांडगा दांडगाच असतो. तो वर जातो, आणि संत्र्याचा डोळा बाजूला गुदमरून बसतो. तुळसाबाईनं ज्या उंचीवर भाळून कलमं उचलली, ती उंची जंबेरीची होती. तिच्या वाट्याला आलेल्या थोड्या बुटक्यांचेही खालचे कोंब कोणी काढले नाहीत, म्हणून तीही त्याच वाटेनं गेली. त्या पोळ्याला जरी विळा चालवला असता तरी अर्ध्याहून जास्त डोळे वाचले असते. पण तिला एकच डोळा माहीत होता, जो दुसऱ्याच्या चांगल्यावर लागतो तो.

पाचव्या वर्षी फळ धरलं. दिवाळी सरली, आवडाबाईच्या बुटक्या झाडांवर संत्री पिवळी पडू लागली. तुळसाबाईची फळं मोठी होती, खडबडीत, टेंगळं टेंगळं असलेली. मोठ्या जातीची आहेत, असं ती गावभर सांगत होती. गोजराबाईंनी घालून दिलेली एक रीत त्या घरात अजून होती. नव्या झाडाचं पहिलं फळ घरच्यांनी खायचं नाही, आधी जावेनं जावेची ओटी भरायची. गोजराबाई वारल्या, भिंत आली, तरी ही रीत दोघींनी मोडली नव्हती. मोडायला कोणीतरी आधी मागे सरायला हवं होतं.

आवडाबाई आली. तिनं तुळसाबाईच्या पदरात पाच संत्री घातली. घरभर वास सुटला. मग तुळसाबाई उठली, टोपलीतून आपली पाच टपोरी फळं काढली आणि जावेची ओटी भरली. ओटीतलं फळ लगेच सोलून तोंडात घालायचं, अशी पद्धत. तुळसाबाई जावेच्या तोंडाकडे डोळ्यांत प्राण आणून पाहत बसली. तीस वर्षांचं येणं आज मिळणार होतं. आवडाबाईनं साल काढायला सुरुवात केली, साल निघता निघेना. तिनं विळी मागून घेतली, फळ चिरलं, एक फोड तोंडात ठेवली आणि तोंड जराही वाकडं न करता गिळली. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

तुळसाबाईनं दुसरी फोड उचलून स्वतःच्या तोंडात टाकली. दात आंबले. तिला एका क्षणात सगळं कळलं, काटे, पानं, टेंगळं, सगळं.

तीनशे झाडं. पाच वर्षं. गावभर केलेला डंका. मग जे तिच्या पोटात पाच वर्षं होतं ते बाहेर आलं. "बाई, उंच रोपं तुमच्या वाट्यातले मीच उचलले होते. तुमी फोनवर होत्या तवा."

"मले माहीत हाय," आवडाबाई म्हणाली.

"कसं?"

"मी पाहून राह्यली होती ना. नर्सरीवालाच तर सांगत होता फोनवर, का पावसानं फुटवे काढाले भेटले नाही, उंच दिसन त्यावर जाऊ नका, डोळा पाहा अन् खालचं कापून टाका." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "तू उंच उंच उचलत होती. मी पाह्यलं अन् बोलली नाही."

तुळसाबाईला आधी राग यायला हवा होता. पण तिला कळेचना. आवडाबाई? शांत, संथ, पापुद्र्याच्या पोळ्यांची आवडाबाई? "काहून नाही बोलल्या?" तिनं विचारलं.

"जळत होती तुह्यावर."

"माह्यावर? माह्यापाशी हाय काय?"

आवडाबाईनं विळीवरच्या फोडी एका बाजूला सारल्या. "भाऊजी तुले इचारते," ती म्हणाली. "तूर पेरू का, बैल इकू का, समदं इचारते. मले या घरात चौतीस वर्षांत कोनी इचारलं नाही का आवडा, कसं करू. बगीचा लावला तो बी मले ओसरीवरून आयकू आला. मंग दोन सालानं माह्यंच मन मले खाऊ लागलं, म्हून सांगाले आली होती. तू आयकलं नाही."

मग आवडाबाईच म्हणाली, खुंट जोरदार आहेत, मुळं पक्की आहेत, झाडं उपटू नको. बुडाशी छाटून त्यावर नव्यानं डोळे बांधता येतील. "डोळे माह्या झाडाचे घेऊन जाय. पाहिजे तेवढे." असं बोलून ती उठली, ओटीतली उरलेली चार जंबेरी तशीच पदरात घेऊन आपल्या वावराकडे गेली. लोणचं घालते म्हणाली.

आणि तुळसाबाई? माणूस असा एका फोडीत गोड होत नाही. पाच वर्षं मातीत गेली याचं दुःख तिला होतंच. आपली झाडं आवडाबाईच्या डोळ्यांवर जगणार, या विचारानं जीव जळतही होता. पण त्या जळण्याच्या खाली काहीतरी वेगळंच फुटत होतं आणि ते कापायचं तिच्या जिवावर आलं. आवडाबाई तिच्यावर जळत होती. तेही कशावरून, तर 'कसंकरू'वरून!

दिवस मावळायला जगदेव बगीच्यात आला. झाडांमधून हिंडला, एक फळ चिरून पाहिलं, थुंकला. पलीकडे आवडाबाई वाकून आपल्या झाडांना पाणी धरत होती. जगदेव धुऱ्याजवळ उभ्या असलेल्या बायकोपाशी आला आणि नेहमीसारखा, हळूच, खाली पाहत म्हणाला, "छाटू का ठेवू? कसं करू?"

तुळसाबाईनं धुऱ्यापलीकडे पाहिलं.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं इचारा."