सेकीने सोडलेलं पाणी

हवाई बेटांवर आगबोटीतून उतरली तेव्हा सेकीला माणसांचीच शिसारी बसली होती. ओकाऱ्यांचं तिला काही वाटलं नव्हतं. समुद्र लागला की कोणीही ओकतो. पण पोट निवळल्यावरही माणसं सुधारली नाहीत. गावात जोडे काढल्याशिवाय उंबरा न ओलांडणारी ही माणसं बोटीच्या तळाशी निजायच्या चटईवर थुंकायची, भाताच्या भांड्यात पाय धुवायची. हटकलं की जुनी म्हण तोंडावर फेकायची: प्रवासातली लाज प्रवासातच टाकायची. सेकी नाकाला बाही लावून बसे. जमीन लागली की प्रवास संपेल, असं तिला वाटे.

उसाच्या मळ्यावर तिला न्हाणीचं पाणी तापवायचं काम मिळालं. तिचा नवरा दानजिरो गिरणीत रस उकळायला लागला. डोक्यावर छप्पर असलेली ती जागा सगळ्यांना हवीशी होती.

बाहेर अंग घासून धुवायचं आणि मगच सामाईक टाकीतल्या कढत पाण्यात बसायचं, ही घरची रीत. इथे गडी शेतातून येत ते लाल चिखलासकट टाकीत उतरत. बायकांची पाळी येईपर्यंत पाण्यावर तेलकट तवंग धरलेला असे आणि त्यात कोणाकोणाचे केस तरंगत. सेकी त्यात कधी उतरली नाही. ओल्या फडक्याने अंग पुसून काढी. हळूहळू तिला स्वतःच्याच अंगाचा वास येऊ लागला, आणि त्याची किळस सगळ्यांत जास्त होती.

तिने गड्यांना सांगून पाहिलं. एकजण हसत म्हणाला, "सेकीवहिनी, आम्ही अजून प्रवासातच आहोत. तीन वर्षांचा करार संपला की घरी जाऊन अंग धुऊ."

"आणि तोवर मी तुमच्या मळात बसू होय?"

दुसऱ्या दिवसापासून ती दारात अंगावर पाणी ओतायचं ओगराळं घेऊन उभी राहू लागली. कुरकुरत का होईना, बहुतेक जण अंग धुऊ लागले. मुकादम निशिहारा तेवढा बधला नाही. कोणी कुठे राबायचं हे तोच ठरवी. दानजिरोने तिला बजावलं, "त्याला काही बोलू नकोस. माझी जागा त्याच्या हातात आहे. एका माणसाचा तर मळ, डोळे मीट."

"डोळे मिटीन हो. कातडी कशी मिटू?"

त्या संध्याकाळी निशिहारा पिंढऱ्यांवरच्या चिखलासकट टाकीत बसला आणि खाकरून पाण्यातच थुंकला. सेकीने त्याला बाहेर येऊन अंग धुवायला सांगितलं. मान न वळवता तो म्हणाला, "तुम्हा बायकांची पाळी शेवटी. तेव्हा तूच धू."

सेकी मागच्या अंगाला गेली. आधी तिने टाकीखालचा जाळ ओढून बाहेर काढला. माणूस भाजायचा नव्हता. मग टाकीचं बूच ठोकून काढलं. पाणी भसाभसा वाहून गेलं आणि मुकादम पोटावर लाल ओघळ घेऊन कोरड्या टाकीत बसून राहिला. गड्यांनी हसू लपवायला तोंडं फिरवली. नंतर आंघोळ हुकली म्हणून त्यांनीच तिला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी दानजिरोची रवानगी उसात झाली. संध्याकाळी तो कानापर्यंत माखून आला आणि थेट टाकीच्या काठाशी जाऊन उभा राहिला. सगळे बघत होते. त्याला तसंच उतरू दिलं असतं तर उद्यापासून कोणीच तिचं ऐकलं नसतं. सेकीने ओगराळं पुढे केलं.

"हा मळ तुझ्यामुळे लागलाय," तो म्हणाला.

"म्हणून तर पाठ मी घासते."

आंबलेला रस आणि घाम यांचा वास थेट नाकात शिरत होता, पण पाठ स्वच्छ होईपर्यंत तिने हात थांबवला नाही. त्यानंतर कोणी वाद घातला नाही. बायकांची पाळी आली तेव्हा सेकी पहिल्यांदाच गळ्यापर्यंत पाण्यात बसली. पायांची बोटं दिसत होती.

निशिहारा पुन्हा न्हाणीकडे फिरकला नाही. तो ओढ्यावर जातो, असं कळलं. तेव्हापासून ओढ्याच्या खालच्या अंगाला सेकीने भाजी म्हणून धुतली नाही.