आईच्या गालावरचा वण

९ फेब्रुवारी १९६१, गुरुवार. थंडी ओसरली. हे सकाळीच दर्यापूरला गेले. पार्बताबाई कामाला आली नाही. दुपारी रईसाबीकडून लॉकेटचा फोटो आणायचा.

एवढे लिहून ललिताने दौतीचे झाकण लावले आणि ती निघाली.

अकोल्यातल्या त्या फोटो स्टुडिओत कॅमेरा गुलाम नबीचा आणि मागच्या खोलीतले भिंग नि बारीक पेन्सिल त्याच्या बायकोची, रईसाबीची. चेहऱ्यावरचे डाग ती निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवी. कितीतरी मुलींची लग्ने त्या पेन्सिलीने जमवली, असे लोक म्हणत.

ललिता शाळेत असतानाच तिची आई गेली. फोटो एकच, अमरावतीच्या कॉन्व्हेंटमधल्या बक्षीस समारंभाचा. आई घोळक्यात उभी. त्या फोटोचा फोटो काढून गुलाम नबीने आईचा चेहरा तिच्याच लॉकेटात मावेल एवढा उतरवला होता.

रईसाबीने नखाएवढा गोल कापलेला फोटो ललिताच्या तळहातावर ठेवला. चेहरा अगदी नितळ होता. ललिता तो उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा पाहू लागली.

"काहून, पोरी? बसत नाई का लॉकेटात?"

"बसेल. पण ही आई वाटत नाही."

आईच्या डाव्या गालावर देवीचा एक खोल वण होता. लहानपणी त्या खळग्यात बोट ठेवल्याशिवाय ललिताला झोप येत नसे. हे तिने रईसाबीला सांगितले.

पडद्याआडून गुलाम नबी म्हणाला, "हिच्या हाती मले देल्लं, तं माझं टक्कलही भरून काढन."

"तेवढी पेन्सिल बाजारात नाई भेटत," रईसाबी म्हणाली. मग हळूच ललिताला, "मले वाटलं, लेकीले बरं वाटन."

तिने कापसाच्या ओल्या बोळ्याने निगेटिव्हवरची आपलीच पेन्सिल पुसून टाकली. गुलाम नबी अंधाऱ्या खोलीत गेला. नवा फोटो वाळेपर्यंत दोघींचा दोनदा चहा झाला. रईसाबीने तो कातरून लॉकेटात बसवला. वण टाचणीच्या टोकाएवढा होता, पण होता. ललिताने त्यावर बोट ठेवले. बोटाखाली आईचा अख्खा चेहरा झाकला गेला.

"माझ्या अम्मीचा तं फोटोच नाई," रईसाबी म्हणाली.

पुढे लॉकेटची कडी दोनदा बदलली, फोटो तोच राहिला. आपले इतके नाजूक काम पुसताना रईसाबीच्या कपाळावर एक आठीही उमटली नव्हती, याचे उपकार ललिता कधी विसरली नाही.

त्या संध्याकाळी तिने लिहिले: लॉकेट घातले. तुरीची डाळ करपली.