गाडीवाल्या अक्का

आमच्या अक्का सकाळी तोंड धुतलं की चहाच्या आधी गाडीजवळ जात. टाकीचं टोपण काढून आत कडुनिंबाची सोललेली काडी बुडवत, ती कुठवर भिजली ते बघत आणि टोकाचा एक थेंब हाताच्या पाठीवर घेत. थेंब चटकन उडून गेला तर पेट्रोल चोख, ओल मागे राहिली तर त्यात पाणी. तुमच्या आजोबांची ही थोरली बहीण. मी लग्न होऊन हैदराबादहून आदिलाबादला आले त्या दिवशी मला आधी त्या हाताचा वास आला आणि मग त्यांचा चेहरा दिसला.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, फोटोत गाडीला टेकून उभी असलेली बाई आजी आहे का. नाही, त्या अक्का. मीही त्या फोटोत आहे. मागच्या टोपल्यांच्या आडून एक डोकं दिसतं, ते माझं. आज ना अक्का आहेत, ना तुमचे आजोबा. पण तुमचा प्रश्न मला आजही बोचला, हे लिहून ठेवते.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा त्याच्या फौजेच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात सासऱ्यांनी ही मागून उघडी, जुनी गाडी घेतली. आमचं किराणा आणि तेलाचं दुकान. नार्नूर, उटनूरच्या बाजारांना माल जायचा. गाडी आजोबा चालवत आणि शेजारी अक्का बसत. त्यांचं सासर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर होतं, यजमान तहसील कचेरीत कारकून होते, पण अक्कांचा जीव माहेरच्या गाडीत; रोज सकाळी त्या तिथून चालत येत. मला स्टेशनवरून घरी आणलं तेव्हाही पुढे बहीण-भाऊ होते आणि मी नवरी मागे ट्रंकेवर, मुंडावळ्या सांभाळत.

गाडी वाटेत अडायची ती बहुतेक पेट्रोल पोचत नाही म्हणून. मग अक्कांचा क्रम ठरलेला. “आधी पोट पाहाचं, मंग गळा, मंग डोस्कं.” पोट म्हणजे टाकी, गळा म्हणजे तिथून निघणारी नळी आणि पंप, डोकं म्हणजे कार्बोरेटर. पुरुषमंडळी आधी डोकंच खोलत आणि त्याचे बारके स्क्रू मातीत हरवत. अक्का नळी सोडवून तोंडाने फुंकत, टाकीत बुडबुड वाजलं की “गळा मोकळा” म्हणत, थुंकत आणि तोंडात लवंग टाकत. त्या वेळी आजोबा त्यांच्याकडे ज्या कौतुकानं बघत, ते मला पाहवत नसे. मी मॅट्रिकला शाळेत पहिली आले होते. तसं कौतुक मला नवं नव्हतं. ते या घरात दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जातं, एवढंच नवं होतं.

एकदा भर वैशाखात नेरडीगोंड्याच्या चढावर गाडी धापा टाकून थांबली.

“काय झालं वं, अक्का?” आजोबांनी विचारलं.

“गळ्यात वाफ धरली. पेट्रोल उकळून राह्यलं उन्हानं.” अक्का मागे वळल्या. “हैदराबादवाले, तुया रुमाल दे.”

“अक्का, त्याच्यावर मी वेल भरलाय!”

“मंग त पंपाले शोभंलच.”

दोघं खदखदून हसली. माझा रुमाल पाण्यात बुडवून पंपाला गुंडाळला गेला. पंप निवला, गाडी चालू झाली. रुमालाचं पुढे पोतेरं झालं. घरी आल्यावर मी आजोबांना म्हटलं, “मलाही शिकवा ना गाडीचं.” ते हात धुता धुता म्हणाले, “कशाला? अक्का हाये की.”

मग भाषेप्रमाणे राज्यं वेगळी करायचं ठरलं. आमचा जिल्हा आंध्राला मिळणार आणि त्यातला किनवट तालुका कापून मुंबई राज्याला जाणार, असं झालं. अक्कांच्या यजमानांनी तिकडची नोकरी मागून घेतली. घरात रडारड झाली. मीही पदर डोळ्याला लावला, पण मनातून केव्हाच गाडीतल्या पुढच्या जागेवर जाऊन बसले होते.

त्या वर्षी खंडेनवमीला गाडीची पूजा अक्कांनी एकटीनं केली, कुणाला हात लावू दिला नाही. चाकं, दिवे, टाकीचं टोपण, सगळीकडे भिजवलेल्या हळदीचे जाड थर दिले, वर कुंकू. दसरा झाला आणि त्या निघाल्या. यजमान आधीच गेले होते. नवं घर लावून द्यायला सासूबाईंनी मला सोबत धाडलं. पुढे बहीण-भाऊ, मागे सामानात मी. टाकीचं टोपण माझ्या गुडघ्याशी होतं.

थोडं अंतर गेलं आणि गाडी आचके देऊन थांबली. अक्का उतरल्या, टोपण उघडलं. टाकीनं सूं करून हवा आत ओढली. काडी भिजली. “पोट भरेल हाये.” नळी फुंकली. “गळा मोकळा.” मग दोघं सागाच्या सावलीत बोलत बसली. उठून किल्ली फिरवली तर गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. थोडं पुढे पुन्हा तेच. पुन्हा टोपण, पुन्हा सूं, पुन्हा सावली.

तिसऱ्यांदा मी टोपणाकडे नीट बघितलं. त्याला हवा आत जायला एक बारीक भोक होतं. ते वाळलेल्या हळदीनं बुजलं होतं. तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडावी लागतात. एकानं तेल येतं, दुसऱ्यानं हवा आत जाते, नाही तर तेल अडतं. आमच्या दुकानात हे सगळ्यांना ठाऊक. अक्कांना ठाऊक नसेल?

आजोबा ओढ्यावर पाणी आणायला गेले होते. मी केसांतला आकडा काढला आणि वाकले. भोक मोकळं झालं की गाडी सरळ किनवटला, आणि ही बाई एकदाची तिच्या घरी. तोच अक्कांनी माझं मनगट धरलं.

“दिसलं का तुले?”

“दिसलं.”

“मले बी दिसलं. पयल्याच डावाले.” त्यांचा आवाज कधी नव्हे इतका खाली आला होता. “राहू दे वं. अजून एक डाव थांबू दे. मंग तूच काढ.”

मी आकडा परत केसांत खोचला.

गाडी आणखी एकदा थांबली. या खेपेला अक्कांनी काडी बुडवली नाही, नळीही फुंकली नाही, नुसतं टोपण सैल केलं. दोघं लांब जाऊन बसली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. आजोबांनी दोनदा बाहीनं तोंड पुसलं. परत आल्यावर अक्का मला म्हणाल्या, “काढ आता,” आणि मी हळद खरवडून काढली.

“काय होतं?” आजोबांनी विचारलं.

“कचरा,” अक्का म्हणाल्या.

परतताना मी पुढे बसले. आजोबा समोर बघत गाडी चालवत होते. साग मागे गेले, ओढा गेला, गाडी एकदाही अडली नाही. अडावी असं मला फार वाटत होतं.