पाठमोरे सदबा मिस्त्री

ब्रेकचं काम संपलं की सदबा मिस्त्री रस्त्यावर चुन्याची एक रेघ मारायचे, रेघेच्या चार पावलं पुढे जायचे आणि गाडीकडे पाठ करून पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत उभे राहायचे. मालकाने लांबून वेगात यायचं आणि रेघेवर गाडी थांबवायची, ही त्यांची पद्धत. मिस्त्रींची मान कधी वळायची नाही. मागे टायर करकरले की ते पन्नीतला खर्रा तोंडात टाकून म्हणायचे, "बंद करा. जा घरी."

मूळचे ते रोहण्याचे. शेती भावाच्या हाती देऊन पिपरी मेघेत आले आणि एका टिनाच्या शेडखाली आयुष्यभर फक्त ब्रेकचंच काम केलं. इंजिनाला हात लावायचे नाहीत. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "इंजिन बिघडलं तं गाडी उभी राह्यते. ब्रेक बिघडला तं माणूस आडवा होते." बोलणं असं तोडून टाकलेलं. हसताना मी त्यांना दोनदाच पाहिलं.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती आमच्या घरगाडीमुळे. कापडाचं दुकान सोडल्यावर बाबांनी माझ्या जन्माच्याही आधीची एक मिनीबस घेतली आणि तिच्यात दोन पलंग, शेगडी, भांडी घासायला छोटी मोरी, असं सगळं घरच बसवलं. आई-बाबा त्यात हिंडायचे. एकदा बोर धरणावरून हिंगणीकडे उतरताना ब्रेक लागलाच नाही. बाबांनी गाडी एका शेताच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर घातली. ते वाचले. मागे चहा टाकत असलेल्या आईचं कंबरेचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली ती कायमची.

त्याच्या पंधराच दिवस आधी ते ब्रेक सुधाकरने केले होते. आर्वी रोडवर त्याचं फरशी बसवलेलं चकचकीत गॅरेज. सगळे पार्ट नवे टाकले म्हणून त्याने बाबांना छातीठोक सांगितलं होतं. अपघातानंतर त्याने गावभर वेगळंच सांगत सुटावं ना! म्हणे, ब्रेक पक्के होते, म्हाताऱ्याचाच पाय भलतीकडे पडला. दहा तोंडांतून ते बाबांच्या कानावर आलं आणि बाबांना ते खरं वाटायला लागलं. आईच्या उशाशी खुर्चीत बसून ते उजवा पाय जमिनीवर दाबायचे, उचलायचे, पुन्हा दाबायचे. जेवण सुटलं, बोलणं सुटलं.

देव बघून घेईल म्हणणाऱ्यांतली मी नाही. देवाला काय दुसरी कामं नाहीत? सुधाकरच्या गॅरेजसमोरून रोज शाळेत शिकवायला जाताना मी त्याचं वाटोळं चिंतायचे, अगदी मनापासून. शेवटी मी गाडी ओढत आणून सदबा मिस्त्रींच्या शेडसमोर उभी केली. म्हटलं, "काका, दुरुस्ती नको. मला त्याला धुळीला मिळवायचंय."

ते म्हणाले, "आधी चाक तं खोलू दे."

चारही चाकं खोलली. पॅडल दाबलं की ब्रेक ढकलणारे आतले व्हील सिलिंडर बाहेरून चांदीसारखे चमकत होते. मिस्त्रींनी नखाने खरवडलं, तर रंग निघाला आणि खाली गंज. मग आतलं रबर काढून त्यांनी माझ्या नाकाशी धरलं. डिझेलचा भपकारा आला. ब्रेकचं रबर ब्रेक ऑइलनेच धुवावं लागतं. डिझेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि नेमक्या वेळी दगा देतं. हे या धंद्यात अंगठाछाप माणसालाही ठाऊक असतं. सुधाकरने जुनेच पार्ट डिझेलने धुऊन, वर रंग मारून परत बसवले होते.

मी ते रबर घेऊन तशीच त्याच्या तोंडावर मारायला निघाले होते. मिस्त्रींनी हात धरला नाही, नुसतं म्हणाले, "तो म्हणन, तुमीच टाकलं. त्याच्याच तोंडातून आलं पाह्यजे."

एवढ्या जुन्या गाडीचे पार्ट कुठे मिळणार! नागपूरच्या भंगारात त्यांनी दोन दिवस घालवले. जे मिळाले नाहीत ते एका जुन्या ट्रकचे आणून लेथवर मापाचे करून घेतले. नवे रबर, नवे पाईप, चाकाला घासून थांबवणारे नवे लायनर. मग पाइपांतली हवा काढायला मला सीटवर बसवलं. ते गाडीखालून सांगायचे, "दाब. धर. सोड." मी मध्येच सोडलं की ओरडायचे, "काऊन सोडलं? हवा निघेपर्यंत धरून ठेवजो!" त्या दोन तासांत माझ्या पायाला पॅडल पाठ झालं.

मग त्यांनी सुधाकरला बोलावणं धाडलं. वयाने मोठ्या मिस्त्रीचं बोलावणं त्या धंद्यात कोणी मोडत नाही, तोही आला. समोरच्या चहाच्या टपरीवर गर्दी होती. बाबांना मिस्त्रींनी माझ्या शेजारी बसवलं. रेघ मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सुधाकर, ब्रेक पक्के होते म्हणते ना तू? आज म्हाताऱ्याचा पाय नाई, पोरीचा हाये. राह्य उभा, पाठ करून."

खोटं बोलले नाहीत ते. मधल्या दिवसांत काय बदललं तेवढं फक्त सांगितलं नाही. सुधाकर हसला, पण टपरीवरचे सगळे बघत होते. गेला आणि उभा राहिला.

मी गाडी सोडली. त्याची पाठ मोठी मोठी होत आली. निम्म्या वाटेवर त्याने मान वळवली. मी वेग कमी केला नाही, उलट वाढवला. आणि तो नालीत उडी टाकत बोंबलला, "थांबवा तिले! नाई लागत ते ब्रेक! जुनेच हाये अंदरचे!"

टपरीवरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. गाडी करकरत थांबली होती.

बाबा गाडीतून उतरले ते तडक घरी चालत गेले. मी धावत मागे. आईच्या अंथरुणाशी उभं राहून ते म्हणाले, "माहा पाय ब्रेकवरच होता."

आई म्हणाली, "मले माहीत होतं. तुमालेच नव्हतं." त्या दिवशी बाबा पोटभर जेवले.

सुधाकरचं गॅरेज वर्षभरात बसलं. फरशी अजून आहे, गाड्या नाहीत. तिथून जाताना मला वाईट वाटतं असं मी म्हणणार नाही. मजा वाटते.

गाडी थांबवली त्याच दिवशी संध्याकाळी मी मिस्त्रींकडे पेढे घेऊन गेले, तेव्हा ते एकटेच रेघेपाशी उकिडवे बसले होते. आमच्या गाडीच्या टायरची खूण रेघ ओलांडून पार सुधाकर उभा होता तिथवर गेली होती. त्यांनी ती मला बोटाने दाखवली.

"ब्रेक बराबर होते, पोरी," ते म्हणाले. "उशीर तुह्या पायाचा होता."

त्यांनी चपलेने ती खूण पुसून टाकली, एक पेढा उचलला आणि म्हणाले, "हवा निघाली ना? मग आता सोड."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. लायनरची धूळ आयुष्यभर छातीत गेली होती. मोक्षधामात त्यांनी थांबवलेल्या गाड्यांचे कितीतरी मालक आले होते, आणि सुधाकरही आला होता. माझ्यापुढे चार पावलांवर तो पाठमोरा उभा होता, खाली मान घालून, रडत होता. मी त्या पाठीकडे बघत राहिले. सदबा मिस्त्रींचा एकूण एक शब्द मी ऐकला, दाब म्हटलं की दाबलं, धर म्हटलं की धरलं. तेवढं शेवटचं मात्र माझ्याने अजून झालेलं नाही.