धामणीच्या कवितेवर आबांची सही

आमचे सासरे, सीताराम आबा, हे टाकव्यातले साप मारणारे. गावात कुठंही काही वळवळलं की फोन आमच्या घरी. आबा ताटावरून उठतात, दाराआडची काठी घेतात आणि छाती काढून चालू लागतात. तीस वर्षं एका कारखान्याच्या गेटवर उभे राहिले, तिथं त्यांना कुणी नावानं हाकही मारली नसेल. गावात मात्र ‘आबा सापाला भीत न्हाई’ या एका वाक्यावर त्यांचा सगळा तोरा. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माझं आणि त्यांचं पटत नाही. मी सुदुंबऱ्याची, तोंडानं फटकळ, आणि त्यांना सून मुकी हवी होती. बसा म्हणावं.

मारलेल्या सापाला अग्नीही तेच देतात. त्याच्या तोंडात तांबं ठेवायचं असतं. तांब्याची नाणी आता कुठली मिळायला? म्हणून पाण्याच्या जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार कापून तिचे तुकडे तंबाखूच्या डबीत भरून ठेवलेत. आधी जीव घ्यायचा आणि मग सोपस्कार बघा केवढे. विषारी असो नाहीतर बिनविषारी, सगळ्यांना एकच काठी. ‘धामण म्हशीच्या पायाला इळखा घालून दूध पिती,’ असं शपथेवर सांगतात. आमच्याकडे दहा वर्षांत म्हैस नाही.

एक गोष्ट मात्र घरात फक्त मला ठाऊक होती. साप जाळून आले की आबा रिकाम्या गोठ्यामागे जाऊन बसतात. एकदा मी तिकडं सरपण आणायला गेले, तर उकिडवे बसून ओकत होते. हात असे थरथरत होते की तोंडावर पाणी मारता येईना. मी आल्या पावली परत फिरले. दया आली म्हणून नाही, खोटं कशाला बोलू? म्हटलं, राहू दे जपून, कधीतरी चारचौघांत काढीन.

यंदा माझ्या प्रतीक्षाला चौथीत राजेश्वरी बाईंनी एक कविता शिकवली. बाईंनी स्वतःच केलेली.

पिवळी पिवळी धामण गं,
तुझ्या तोंडी विष नाही,
भीती माझ्या डोळ्यांत होती,
तुझा काही दोष नाही.

घरातल्या मोठ्या माणसाला विचारून अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि त्या माणसाची सही आणायची, असा अभ्यास होता. पोरगी नेमकी गेली आबांकडे. ‘आबा, भीती डोळ्यांत कशी असती? ती तर पोटात असती ना?’

आबांनी वही भिरकावली. ‘कुनी लिवलीय ही? त्या बाईला म्हनावं, भाताच्या खाचरात हात घाल, मग गा गाणी. उद्या पोरं सापाला हात लावत्याल आन मरत्याल.’

‘हात लावा असं कुठं लिहिलंय?’ मी म्हटलं. ‘विष नाही एवढंच म्हटलंय. खोटं आहे का ते?’

‘तू गप ऱ्हा.’

दुसऱ्या दिवशी आबा काठी घेऊन थेट वर्गात. पोरांसमोर बाईंना वाटेल ते बोलले. बाईंनी एवढंच विचारलं, ‘आबा, धामण ओळखता येते तुम्हाला?’

‘लांबनं वळकतो.’

‘मग मारता कशाला?’

आबांनी काठी फरशीवर आपटली आणि घरी निघून आले. वर्गातली पोरं प्रतीक्षाकडे बघून हसली. ती रडत घरी आली आणि हे सगळं तिनं मला सांगितलं. माझं डोकं असं फिरलं की त्या संध्याकाळी मी आबांचा चहा त्यांच्यासमोर आदळला. निम्मा बशीत सांडला. सांडू दे.

रविवारी आमच्याच ओटीवर, भाताच्या कणगीमागे, लांबलचक धामण निघाली. शेजारचा अंबाजी आला, त्याच्यामागं आणखी पाचसहा माणसं जमली. आबा काठी उगारून पुढं झाले आणि प्रतीक्षा मध्ये उभी राहिली. ती सापाकडं बघतच नव्हती. आजोबांच्या तोंडाकडं बघत होती.

‘आबा, धामण हाय ती. उंदरासाठी आलीय.’

‘बाजूला हो.’

‘आबा, तुमी भ्यालाय. तुमच्या डोळ्यांत दिसतंय.’

अंबाजी फिदकन हसला. त्या हसण्यानंच घात केला. आबांनी पोरीला ढकललं आणि काठी घातली. धामण मेल्यावरही घालत राहिले. गोठ्यामागची गोष्ट माझ्या जिभेवर आली होती. माणसं जमलेली, याच दिवसाची तर मी वाट बघत होते. पण पोरगी ते बोलून गेली होती, आणि तिला कुणाचा सूड घ्यायचा नव्हता. मला माझीच लाज वाटली. ती गोष्ट मी गिळली आणि पोरीला जवळ ओढलं.

आबा ओढ्यावर जाऊन धामण जाळून आले आणि गोठ्यामागं गेले. थोड्या वेळानं प्रतीक्षा वही घेऊन तिकडंच निघाली, म्हणून मीही मागोमाग गेले. ते भिंतीला टेकून बसले होते. तोंड पांढरं पडलेलं. तिनं वही त्यांच्या मांडीवर ठेवली. आबा एकेका अक्षराखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागले.

‘धामणीला विष नसते. तरी माझे आबा तिला भितात. भीती आबांच्या डोळ्यांत होती. धामणीचा काही दोष नव्हता.’

‘ह्ये बाईला दावनार?’

‘व्हय. वर्गात वाचायचंय.’

वर्गात वाचलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत गावभर होणार, हे आबांना कळत होतं. मलाही कळत होतं. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. आबांनी शेवटच्या ओळीखालून परत एकदा बोट फिरवलं.

‘पेन दे,’ ते म्हणाले.

त्यांनी सही केली. अक्षरं ओळीखाली घसरली.

‘आबा, वाकडी आली,’ प्रतीक्षा म्हणाली. ‘खोडून परत करा.’

‘ऱ्हाऊ दे,’ आबा म्हणाले. ‘माजीच हाय ती.’