उंबरझिऱ्याची वाट

सोनाळ्याहून सातपुड्याकडे निघालं की तुरीची वावरं संपतात आणि सागाचं रान लागतं. त्या रानात, अभयारण्याच्या हद्दीच्या अलीकडे, उंबरझिरा आहे. एक उंबर, त्याच्याखाली खडकातून पाझरणारं पाणी आणि परातीएवढं डबकं, एवढंच. पण चांगुणाबाईंचा त्याच्यावर जीव होता.

चांगुणाबाई आणि गोजरबाई एकाच उन्हाळ्यात गावात नांदायला आल्या. एक बौद्धपुऱ्यात, दुसरी पाटलांच्या गल्लीत. गावात चांगुणाला गोजरच्या ओसरीच्या पुढे पाऊल टाकता येत नव्हतं. सरपणाला रानात गेल्या की मात्र झिऱ्यावर दोघींच्या भाकरी एकाच फडक्यावर सुटायच्या. तिथं बघायला कोणी नसायचं. दोघींची मैत्री झाली ती तिथंच.

पुढे घरोघरी गॅस आला, ढोरं विकली गेली आणि रानात जायचं कारणच उरलं नाही. चांगुणाबाईंचे मालक माणिकराव शाळेत शिपाई होते, ते वारले. मुलगा संघर्ष चाकणला कंपनीत लागला. घर खायला उठायचं. एक दिवस गोजरबाई म्हणाली, “चाल वं, झिऱ्यावर जाऊन येऊ.”

वाट सापडलीच नाही. घाणेरीचं रान माजलेलं. दोघी हातपाय ओरबाडून परत आल्या.

“कोयता घेऊन येऊ उद्या,” चांगुणाबाई म्हणाल्या.

“आता काय करतं या वयात?”

“मंग घरी बसून तरी काय करून राह्यलो आपण?”

तो अख्खा हिवाळा दोघी राबल्या. घाणेरी मुळासकट खणली, घसरणीवर दगड बसवले, झिऱ्यातला गाळ टोपल्यांनी उपसला. गावातले लोक हसायचे, रोजगार हमीचं काम निघालं काय म्हणून विचारायचे. पाणी पुन्हा नितळ झालं त्या दिवशी गोजरबाई डबक्यात पाय सोडून बसली आणि चांगुणाबाईंना माणिकराव गेल्यानंतर पहिल्यांदा कडकडून भूक लागली.

चांगुणाबाईंच्या दिराचा मुलगा प्रसेनजित. बायको, दोन लेकरं आणि हाताला काम नाही. तो एकदा झिरा पाहून आला आणि मोबाईलवर व्हिडिओ टाकला. पोराने कौतुकानेच टाकला होता.

मग माणसं यायला लागली. आधी गावातली, मग तेल्हारा, अकोट, शेगावची. रविवारी वाटेच्या तोंडाशी मोटरसायकलींची रांग लागायची. वाट चांगली होती, लहान लेकरांनाही चढता येत होती. वर गोवऱ्यांवर रोडगे भाजून पार्ट्या व्हायच्या, कोंबड्या शिजायच्या. सोमवारी दोघी गोणपाटं घेऊन जायच्या. थर्माकोलची ताटं, गुटख्याच्या पुड्या, बाटल्या, पाण्यात सोडलेली उष्टी. भरलेली पोती खाली आणून ग्रामपंचायतीच्या घंटागाडीत टाकायच्या. वनरक्षकाला सांगून पाहिलं. तो भला माणूस होता. म्हणाला, “मावशी, एवढ्या जंगलाले मी एकटा. कोनाकोनाले अडवू?”

एका सोमवारी गोजरबाईच्या चपलेतून काच आरपार गेली. तिने पदर फाडून बांधलं आणि घरी सांगितलंच नाही. तिला शुगर होती. पाय काळा पडला तेव्हा अकोल्याला नेलं. घोट्याच्या वर कापावा लागला.

चांगुणाबाई भेटायला गेल्या तेव्हा तिचा मुलगा भागवत दारातच उभा राहिला. “काकू, राग नका मानू. पन आता माह्या मायले बोलवायले येऊ नका.”

आतून गोजरबाईचा आवाज आला, “कोन हाये रे?”

“कोनी नाही,” भागवत म्हणाला. चांगुणाबाई तशाच मागे फिरल्या.

त्या आठवड्यात त्या नाल्याकडे बोरं वेचायला गेल्या आणि घंटागाडी रिकामी होताना दिसली. रानाच्या कडेलाच, झिऱ्याचं पाणी जिथं उतरतं तिथं. दोघींनी भरलेली पोती ढिगावर पडली होती. ती फाटली होती आणि वारा लागेल तसा कचरा पुन्हा सागात शिरत होता.

चांगुणाबाईंनी मग ठरवलं, जी वाट आपण उघडली ती आपणच बुजवायची. बोरीच्या आणि बाभळीच्या फांद्या तोडून त्यांनी वाटेच्या तोंडाशी माणूसभर उंच काटा रचला. तळहात सोलले. बसवलेले दगडही त्यांनी पहारीने उचकटले.

प्रसेनजित धावत आला. वाटेच्या तोंडाशी त्याने चहाची टपरी टाकली होती. पाण्याच्या बाटल्या, द्रोण, ताटं विकायचा.

“मोठी माय, हे काऊन करून राह्यली?”

“गोजरच्या पायाचं काय झालं ते तुले दिसत नाही का?”

“दिसते. पन मले दुसरं काय हाये सांग. तू सांग, मी ते करतो.”

चांगुणाबाई पहार उचलून घराकडे निघाल्या. काटा मात्र त्यांनी काढला नाही.

रविवारी आलेल्या पोरांनी काटा ओढून पाहिला, निघेना, तर पेटवून दिला. मार्चचं वाळलेलं गवत होतं. आग बघता बघता टेकाड चढली. संध्याकाळपर्यंत वनरक्षक, प्रसेनजित आणि गावातली माणसं ओल्या डहाळ्यांनी झोडपत होती. झिऱ्यावरचा उंबर उभा जळाला. घाणेरीही जळाली आणि वाट होती त्याहून रुंद झाली. पुढच्या रविवारी त्या वाटेने जीप वर गेली.

काटा कोणी रचला होता हे गावाला माहीत होतं. तोंडावर कोणी बोललं नाही, पण पिठाच्या गिरणीत चांगुणाबाई गेल्या की बाया गप्प व्हायच्या. त्यांनी झिऱ्यावर जाणं सोडलं. प्रसेनजित म्हणतो, पाणी अजून आहे, पण आता हिरवं दिसतं आणि वास मारतं.

परवा त्या दारात ज्वारी पाखडत होत्या. एक गाडी थांबली. मागे बाई, लेकरं, मांडीवर पातेली. चालवणाऱ्याने काच खाली केली.

“आजी, उंबरझिऱ्याले कुठून जा लागते?”

चांगुणाबाईंनी सूप खाली ठेवलं. लेकरं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी हात वर करून दिशा दाखवली.

“सरय जा,” त्या म्हणाल्या. “वाट चांगली हाये.”